व्हेनिसला ठेवलेलं प्रस्थान

व्हेनिस शहराविषयी मला जी काही माहिती आहे, ती सगळी सातारा, पाचगणी, सांगली आणि म्हसवड या चार ठिकाणी मिळालेली आहे. हे पहिल्यांदाच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर मागाहून कुणी म्हणेल, "नाना, फसवलंत." आमच्या वाचनालयाच्या मंडळींनी या प्रवासाची हकिगत लिहून द्या म्हणून आग्रह धरला, तेव्हा मी त्यांना म्हणालो की अहो, मी तिथं पोचलोच नाही. त्यावर चिटणीस म्हणाले, "आम्ही कुठं पोचलोय? लिहा तुम्ही." तेव्हा न गेलेल्या माणसानं न गेलेल्या माणसांसाठी लिहिलेलं हे प्रवासवर्णन आहे.

रहिमतपूर

लढाई संपली आणि माझा मेव्हणा ज्ञानू इटलीहून सुखरूप परत आला. तो खेचरांच्या पलटणीत हवालदार होता. त्यामुळे त्यानं सगळी लढाई खेचरांच्या शेपटीमागून पाहिली, असं त्याची बहीण, म्हणजे आमची मंडळी, म्हणते. येताना त्यानं एक जोडी बूट, एक पत्र्याचा मग आणि एक चित्राचं कार्ड आणलं. कार्डावर व्हेनिस होतं. घरं थेट पाण्यात उभी, दारापुढे रस्ता म्हणून नुसतं पाणी आणि त्यात होड्या.

त्या दिवशी म्हसवडची आत्या आमच्याकडं आली होती. माझी आई मी चार वर्षांचा असताना गेली. मला वाढवलं ते या आत्यानं. पुढं तिचं लग्न माण तालुक्यात झालं आणि तेव्हापासून पंचेचाळीस वर्षं ती डोक्यावरून पाणी वाहते आहे. तिच्या बोलण्यात दिवसाचे प्रहर नसतात, पहिली खेप, दुसरी खेप, तिसरी खेप असतात.

तिनं कार्ड डोळ्यांजवळ नेलं.

"पूर आलाय जनू."

"पूर न्हवं आत्या," ज्ञानू म्हणाला, "कायम असंच असतंय."

"उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात बी."

"चैतात?"

"चैतात बी."

"वैशाखात गं बाई?"

"आत्या, बारा म्हैनं. दार उघडलं की उंबऱ्याला पाणी. म्या सोत्ता बघितलंय, चार तासांच्या सुट्टीत."

आत्यानं कार्ड पदरानं पुसलं, ज्ञानूच्या हातात दिलं आणि मला म्हणाली, "नाना, म्या आजवर तुज्यापाशी काय मागितलं न्हाई. जिथल्या बायांला पाण्याला जावं लागत न्हाई, त्ये गाव मला मरायच्या आदी दाव."

मला नाही म्हणता येत नाही, हा माझा दुर्गुण पंचक्रोशीला ठाऊक आहे. त्यातून लढाईत गुळाला बरा भाव आलेला. मी म्हणालो, "दावतो की." आमची मंडळी चुलीपुढून म्हणाली, "म्हंजी म्या बी येनार."

"तू कशाला?"

"मग बोटीवर आत्यास्नी सोवळ्याचं लुगडं कोन वाळत घालनार? तुमी?"

ज्ञानू दुभाषी म्हणून आपोआपच आला. त्याला इटलीच्या भाषेतले खेचराला बोलायचे सगळे शब्द येत होते.

आता शहाणा माणूस आधी पासपोर्ट काढील, मग बोट पाहील आणि मग भटजीकडं जाईल. आम्ही आधी भटजींकडं गेलो. त्यांनी पंचांग उघडलं आणि कपाळाला हात लावला. "नाना, आषाढी जवळ आली. पुढं चातुर्मास. परदेशगमनाला चार महिने मुहूर्त नाही. येता गुरुवार तेवढा आहे, सूर्योदयानंतर दीड घटका."

"पण कागदपत्रं व्हायचीत अजून."

"मग प्रस्थान ठेवा."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुहूर्तावर स्वतः निघणं जमलं नाही, तर आपलं सामान, हळकुंड-सुपारी घालून, ज्या दिशेला जायचं त्या दिशेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवतात. सामान निघालं म्हणजे माणूस निघाला. मग पाच दिवसांच्या आत माणसानं सामानाला गाठायचं आणि पुढं चालू लागायचं. यात्रा पुरी झाल्याशिवाय ते सामान किंवा तो माणूस घरच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. मामलेदार कचेरीच्या कामाला आणि मुलगी पाहायला जाताना हे आम्ही नेहमी करतो. त्यामुळे युरोपला ते चालणार नाही, असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

युरोप पश्चिमेला. गावाच्या पश्चिमेला ओढ्यापलीकडं बाबूभाई आताराचं घर. काकणं आणि अत्तराच्या कुप्या विकणारा हा माझा शाळासोबती. गुरुवारी सकाळी दोन ट्रंका, एक वळकटी आणि दशम्यांचा डबा घेऊन आम्ही त्याच्या दारात गेलो. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं, ओसरी झाडून घेतली आणि म्हणाला, "बिनघोर ठेवा. मावळतीला माझ्याच घराची भित शेवटची. त्येच्या म्होरं तुमचा व्हेनिसच."

पाच दिवस गावानं आम्हाला डोक्यावर घेतलं. न्हाव्यानं तिकडचा वस्तरा आणायला सांगितला. वाचनालयानं निरोप दिला. पाचव्या दिवशी हलगीच्या गजरात, गळ्यात हार घालून, बाबूभाईकडचं सामान उचलून आम्ही बैलगाडीनं व्हेनिसच्या दिशेनं सुटलो. साताऱ्याला जेवायच्या वेळेला पोचलो.

सातारा

साताऱ्यात मंडळीच्या चुलतभावाकडं उतरलो. दुसऱ्या दिवशी कचेरीत गेलो. तिथं एक चष्मेवाले कारकून होते. फार सज्जन माणूस. त्यांनी चौघांना बाकावर बसवलं आणि अर्जाचे रकाने विचारायला सुरुवात केली.

"परदेशी जाण्याचा हेतू?"

"पानी बघायचं," आत्या म्हणाली.

कारकुनांनी टाक थांबवला. "व्यापार, शिक्षण, औषधोपचार, यात्रा. यातलं एक सांगा, आजी. पाणी बघणे असा रकाना नाही."

"मग यात्रा घाला."

"देव कुठला?"

"आरं बाबा, येवढं पानी हाय म्हंजी द्येव असनारच की. गेल्यावर कळंल."

त्यांनी 'यात्रा' असं लिहिलं. मग त्यांनी शांतपणे आम्हाला तीन गोष्टी सांगितल्या. एक, याला दोन-तीन महिने लागतील. दोन, विलायतेला परत जाणाऱ्या साहेबांनी आणि त्यांच्या बायकापोरांनी बोटी भरलेल्या आहेत, जागा मिळणं कठीण. आणि तीन, आत्याचा जन्म कृष्णाकाठच्या एका संस्थानी खेड्यातला, तेव्हा सांगली संस्थानातून पत्र आणल्याशिवाय तिचा अर्ज पुढं सरकणार नाही.

बाहेर आलो. मंडळी म्हणाली, "आवं, घरी जाऊ. तीन म्हैन्यांनी बगू."

"घरी?" मी म्हणालो. "हार अजून वाळला न्हाई माझा!"

आणि प्रस्थान होतंच. उंबऱ्याच्या आत जाता येत नव्हतं. राहता राहिली सांगली. पण आत्या अडून बसली. सांगली उगवतीला. मावळतीला निघालेल्या माणसानं उगवतीला तोंड केलं की प्रस्थान मोडलं. ज्ञानूनं तिला पृथ्वी गोल असल्याचं सांगून पाहिलं. उगवतीकडूनसुद्धा व्हेनिसला जाता येतं, असं तो म्हणाला. आत्या म्हणाली, "तुज्या खेचरास्नी सांग."

शेवटी तोड मंडळीनं काढली. "आत्याबाई, आदी मावळतीला एक मुक्काम टाकू. तिथनं सांगलीला जाऊ. मुक्काम झाला म्हंजी दिशा पाळली."

मी वकिलांच्या घरात जन्मलेल्या बायका पाहिल्या आहेत. त्यांनाही हे सुचलं नसतं.

पाचगणी

साताऱ्याच्या मावळतीला, थोडी उत्तर सोडून दिली तर, पाचगणी. ज्ञानूला हे फार पसंत पडलं. युरोपात हाडं गोठवणारी थंडी असते, तेव्हा तिची सवय पाचगणीला करून घ्यावी, असं त्याचं म्हणणं.

मोटार कोळशाच्या गॅसवर चालणारी. पसरणीच्या घाटात तिनं चार वेळा मान टाकली. प्रत्येक वेळी पुरुषांनी उतरून ढकलायचं आणि बायकांनी आत बसून सल्ले द्यायचे. तिसऱ्या खेपेला आत्या खिडकीतून म्हणाली, "नाना, व्हेनिसपातूर असंच ढकलायचं हाय का रं?" मागं ढकलणाऱ्या एका अनोळखी गृहस्थांनी मला विचारलं, "हे व्हेनिस म्हणजे महाबळेश्वरच्या अलीकडं की पलीकडं?" मी "पलीकडं" म्हणालो. ते खोटं नव्हतं.

पाचगणीला पावसाळ्यात कुणी जात नाही, आणि का जात नाही ते आम्हाला पहिल्या पाच मिनिटांत कळलं. धुक्यात स्वतःचा हात दिसेना. ज्ञानूनं आम्हाला पहाटे घोंगड्या काढून ओळीनं उभं केलं आणि "सावधान" म्हणाला. मंडळीनं त्याच्या कानाखाली दिली, तेवढीच काय ती ऊब. एका बोर्डिंग शाळेचा आचारी, भला माणूस, आम्हाला थरथरताना पाहून आत घेऊन गेला. त्यानं पाव दिला आणि त्यावर लाल मुरंबा लावला. आत्यानं पावाला हात लावला नाही, बोटानं मुरंबा चाखला आणि म्हणाली, "ग्वाड हाय. पर ह्येला भाकरी पायजे." मग आमच्या दशम्यांना मुरंबा लावून आम्ही सगळ्यांनी खाल्ला. आचाऱ्यानंही खाल्ला आणि एक दशमी नमुन्याला ठेवून घेतली.

दुपारी आम्ही डोंगरावरच्या सपाटीवर गेलो. आत्यानं विचारलं, "मावळती कंची?" ज्ञानूनं धुक्यात हात केला. आत्यानं तिकडं तोंड करून हात जोडले. "हितनं लय लांब हाय का रं?"

"लय लांब, आत्या."

"न्हाई, म्या येनार हायच. पर त्या बायांला वाटंल, एवढ्या लांबनं म्हातारी कशापायी आली." आणि ती हसली. तिला इतकं मोकळं हसताना मी कितीतरी वर्षांनी पाहिलं. त्या वेळी मला पहिल्यांदा भीती वाटली. तोवर हे सगळं माझ्या फजितीपुरतं होतं.

मिरजेची गाडी

या प्रवासातला सर्वांत अवघड टप्पा म्हणजे साताऱ्याहून मिरजेकडं जाणारी रेल्वे. कारण ती गाडी रहिमतपूर स्टेशनात थांबते. दोन आठवड्यांपूर्वी ज्या गावानं हलगी वाजवून पश्चिमेला काढून दिलं, त्याच गावावरून मी पूर्वेला चाललो होतो.

कोरेगाव मागं पडल्यावर आत्यानं हुकूम सोडला. "आपली शीव आली की पाय भुईला लावायचं न्हाईत. भुईला पाय लागला म्हंजी माघारी आल्यागत व्हतंय."

तेव्हा आम्ही चौघं पाय वर घेऊन बाकावर मांडी घालून बसलो. बायकांनी तोंडावरून पदर ओढले. मी पंचा घेतला. ज्ञानूजवळ काही नव्हतं, त्यानं पत्र्याचा मग तोंडापुढं धरला.

गाडी थांबली. खिडकीशी एक डोकं आलं. बाबूभाई आतार! काकणांची पेटी सोडवायला आला होता.

त्यानं आमच्याकडं पाहिलं. चौघांच्या पायांकडं पाहिलं. मग इंजिनाचं तोंड कुठं आहे ते पाहिलं.

"नाना," तो हळूच म्हणाला, "व्हेनिस हिकडं हाय व्हय?"

"एक कागद राहिलाय बाबूभाई. सांगलीला."

"आन् पाय का वर घेतल्याती?"

पदराआडून आत्याचा आवाज आला. "बाबू, तू आमास्नी बघितलं न्हाईस."

"न्हाई बघितलं, आत्या." तो वळला. दहा पावलं गेला, परत आला, खिशातून एक बारकी कुपी काढून खिडकीतून आत सरकवली. "वाळ्याचं हाय. बोटीवर मळमळलं तर हुंगाय." आणि पुन्हा आम्हाला न बघता निघून गेला. त्यानं हे आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही. मीच आता छापून टाकतो आहे.

सांगली

सांगलीत ज्ञानूच्या पलटणीतला एक दोस्त, बाळू, हळदीच्या व्यापाऱ्याकडं कामाला होता. त्याचं घर नदीच्या अंगाला, उताराच्या गल्लीत. संस्थानच्या कचेरीत दोन दिवस चकरा झाल्या. तिसऱ्या दिवशी पत्र मिळणार होतं. सांगलीच्या भडंगाची स्तुती मी इथं करणार नाही, कारण मंडळीनं ते माझ्यापासून लपवून ठेवलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं दार उघडलं आणि ओरडली, "नाना! ऊठ! आरं ऊठ!"

कृष्णेचं पाणी गल्लीत शिरलं होतं. समोरच्या घराच्या दोन पायऱ्या बुडाल्या होत्या, आमच्या उंबऱ्याला पाणी लागलं होतं, आणि गल्लीच्या तोंडातून एक नाव आत येत होती. नावेत दूधवाला उभा होता.

"असंच?" आत्यानं ज्ञानूला विचारलं.

"अगदी असंच, आत्या. घरं जरा उंच, बस."

आत्या उंबऱ्यावर बसली. पाय पाण्यात सोडले. बाळूच्या घरचे धान्याची पोती माळ्यावर चढवत होते, मंडळी त्यांना हात देत होती, मी सगळ्यांच्या मध्ये येत होतो. आणि ही म्हातारी सणाला माहेरी आल्यासारखी पाण्यात पाय हलवत होती. घरात होती नव्हती तेवढी भांडी तिनं बुडवून भरून ठेवली. "न्हाई उठाय लागत, न्हाई वाकाय लागत," ती म्हणाली. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तिनं बसल्या जागी पाणी भरलं.

दुपारी प्यायचं पाणी संपलं. बाळूच्या आईनं आत्यानं भरलेल्या घागरीत डोकावून पाहिलं. गढूळ, त्यात चिपाडं, आणखी काय काय. तिनं ती सगळी ओतून दिली आणि पदर खोचला. "गल्लीतली हीर बुडाली. आता वरच्या आळीला जाय पायजे."

घागरी घेऊन बायका मांड्यांएवढ्या पाण्यातून निघाल्या. आत्या उठली, एक घागर उचलली आणि त्यांच्यामागून गेली. तासाभरानं परत आली ती कमरेपर्यंत भिजून, डोक्यावर भरलेली घागर. घागर उतरवली आणि तिनं ज्ञानूला समोर बसवलं.

"ज्ञानू, एक इचारते. व्हेनिसचं पानी प्यायचं असतंय का?"

ज्ञानूनं माझ्याकडं पाहिलं. मी बाळूकडं पाहिलं.

"समुद्राचं हाय, आत्या."

"म्हंजी खारं?"

"खारं."

"आन् ह्ये मला आज सांगतूस?"

"कुनी इचारलंच न्हाई की!"

"मग त्या बाया प्यायला काय करत्यात?"

ज्ञानू अंग चोरून बसला. मुळात तो खोटं बोलणारा नाही, ही खरी अडचण. "तितल्या चौकाचौकात दगडी हिरी हायती. आता नळ आल्यात म्हनं. पर एक म्हातारी मला सांगत हुती... सांगत म्हंजी हातवारं करत हुती, की तिच्या आईनं जल्मभर हिरीचं पानी वाह्यलं. खांद्यावर काठी, दोनी अंगाला बादली. पुलाच्या पायऱ्या चढायच्या, उतरायच्या."

"दारात पानी असून?"

"दारात पानी असून."

आत्या भिंतीला टेकून बसली, तोंडावरून हात फिरवला. मला वाटलं, आता ती रडणार. मी म्हणालो, "आत्या, पत्र उद्या मिळंल. आता नळ आल्यात म्हनतोय न्हवं? आपुन जायचंच."

"कशाला?" ती म्हणाली. "मला नळ न्हवता बघायचा. पान्याला जावं लागत न्हाई अशी बाई बघायची हुती. मला म्हसवडला पोचव, नाना."

म्हसवड

पाणी ओसरल्यावर विट्यावरून मोटारीनं म्हसवडला गेलो. सांगली मागं पडली तसा चिखल संपला, मग ओल संपली, मग हिरवं संपलं. आभाळात ढग होते, पण माणातल्या ढगांची रीत निराळी. ते दुसऱ्याकडं निघालेले असतात. सिद्धनाथाचं दर्शन घेतलं. पुजाऱ्यांना विचारलं, तर ते म्हणाले की अर्जात यात्रा लिहिलं आहे ना, मग यात्रा झाली, प्रस्थान घरी न्यायला हरकत नाही. माझा प्रश्न सुटला. परंतु तो माझा होता, आत्याचा नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या घागर घेऊन निघाली. मंडळी दुसरी घेऊन तिच्यामागं, आणि दोघींना एकटं सोडायचा धीर होईना म्हणून मी. माणगंगा म्हणजे रुंदच्या रुंद कोरडी वाळू. त्या वाळूत हात-दीड हात खड्डा खणलेला, त्याच्या तळाशी पाझरेल तेवढं पाणी, आणि ते करवंटीनं काढून घागर भरायची. खड्ड्याभोवती सहा-सात बाया पाळीनं बसल्या होत्या.

"आगं, आत्या आली!"

"आली व्हय तिकडनं! कसं हाय गं त्ये गाव?"

मी घसा खाकरला. खरं काय ते सांगून टाकावं, असं मी रात्रीच ठरवलं होतं. मंडळीनं माझ्या पायावर पाय दिला.

आत्या वाळूत बसली. "पानी लय हाय," ती म्हणाली. "गल्लीत पानी. उंबऱ्याला पानी. दूधवाला बी नावंतनं येतूय. पर खारं."

"आगं बया!"

"प्यायला चौकात हीर. बायांनी जल्म काढला. खांद्यावर काठी, दोनी अंगाला बादल्या. पुलाच्या पायऱ्या चढायच्या आन् उतरायच्या."

मी कान देऊन ऐकत होतो. आपण तिथं गेलो असं ती एकदाही म्हणाली नाही.

करवंटी थांबली. बायांनी तोंडाला पदर लावले.

"खालनं येवढं पानी जातंय तरी?"

"तरी."

"दिसतंय, ऐकू येतंय, आन् तरी जायाचं?"

"तरी."

"च्यक् च्यक्... कुनाच्या लेकी असतील बिचाऱ्या!"

खड्ड्यापाशी करवंटी धरून बसलेली एक म्हातारी, आत्याहूनही म्हातारी, मान हलवत म्हणाली, "आपलं बरं म्हनायचं गं. न्हाई तर न्हाई. डोळ्याम्होरं तरी न्हाई."

सगळ्या जणी थोडा वेळ त्या व्हेनिसच्या बायांसाठी हळहळत बसल्या. मग म्हातारीनं तळाचं पाणी करवंटीत गोळा केलं, आपली घागर बाजूला सरकवली आणि करवंटी आत्यापुढं धरली.

"घे, आदी तू भर. लांबनं आलीयास."